बिननावाचा खिळा

अण्णा, आता तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

एवढं एक वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. फार बरं वाटलं. दोन वर्षांत माझं वाक्य तुम्ही शेवटाला जाऊ दिलं नाहीत. मी "अण्णा, असं बघा..." म्हणायचो, आणि तुम्ही "बगितलं" म्हणून सुपारी कातरायला लागायचात. एकदाच काय ते मला पुरतं बोलू दिलंत. त्याचं पुढं येईल. ते लिहायचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

परवा तुमचा तेरावा झाला. पंगतीत जो तो तुमचं चांगलंच बोलत होता. चेअरमनसाहेब म्हणाले, देवमाणूस गेला. वजनकाट्यावरचा माणूस भाताचा घास हातात धरून रडला. मला ते सहन होईना. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल कुणीतरी वाईटही बोलायला नको का? त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या कारखान्यात नाही. तुमचं गाव कुठलं, नोकरी किती झाली, मुलं काय करतात, ते सगळं शोकसभेत वाचून झालं. मी फक्त सूड घ्यायला बसलोय.

आपली भानगड वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका. चाळीस गावांचा ऊस, गिळायला कारखाना एक. कुणाचा ऊस कधी तोडायचा, याची पाळी लावणं हे शेतकी खात्याचं काम, आणि शेतकी खातं म्हणजे तुम्ही. लवकर तोडला तर ऊस कच्चा, उशीर झाला तर तुरा येतो, वजन घटतं, आणि शेतकरी ऑफिसच्या दारात येऊन तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे सारं तुम्ही एका फळीवर चालवायचात. बाभळीची तीन हात लांब फळी, तिच्यावर खिळे. एकेक खिळा म्हणजे एकेक शिवार. एकेका शेताची एकेक चिठ्ठी, दाभणानं भोक पाडून खिळ्याला अडकवलेली. सकाळी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून फळीसमोर उभे राहायचात, दहा-वीस चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करायचात, आणि टोळ्या कोयते घेऊन निघायच्या.

आणि मी? मी नगरचा, मुंबईला सहा महिने कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला, बुशकोटाच्या खिशाला दोन पेनं लावणारा. दुसरं पेन चालत नसे. संचालक मंडळानं कौतुकानं मला एक खातंच काढून दिलं. कार्डांना भोकं पाडणारी तीन यंत्रं, कार्डं निवडणारं एक, खिडकीला एअरकंडिशनर, धूळ येऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं, आणि हाताखाली चार माणसं. कॉम्प्युटर पुण्याला. आम्ही शेताशेताची माहिती कार्डांवर टोचायची, जीपनं पुण्याला न्यायची, तिथं माझा प्रोग्रॅम त्यातून पाळीची यादी छापणार. माझ्या वयाच्या माणसाला एवढं मिळाल्यावर तो जसा वागेल, तसाच मी वागलो. पहिल्याच दिवशी दारावर पाटी लावली: पादत्राणे बाहेर काढावीत.

तुम्ही आलात, पाटी वाचलीत आणि उंबऱ्यावरच थांबलात.

"देवळात काढतो वहाना. हितं कोन बसलंय?"

"अण्णा, धुळीनं यंत्रं बिघडतात."

"मंग उसाच्या कारखान्यात कशाला आली ती? शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत, आन तुमी एका खोलीला दोन लावली. मेलो तरी ह्या खोलीत पाऊल टाकायचो न्हाई म्या." मग बाहेरूनच आत डोकावून विचारलंत, "ह्या बाया काय करत्यात?"

"कार्डांना भोकं पाडतात. भोकांवरून यंत्राला कळतं."

"भोकं तर मी बी पाडतो. तुमाला चार मानसं लागत्यात, मला एक दाभन लागतं."

आतल्या चौघी हसल्या. माझ्या खात्यातली पहिली फूट तुम्ही चपला न काढता पाडलीत.

त्या चौघींत कुसुमताई सगळ्यात जुन्या. रोज नगरहून एसटीनं येणाऱ्या, बोटं अशी चालणारी की यंत्र मागे पडावं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? या गावानं सगळा ऊस आठवडे बाजाराच्याच दिवशी लावला का हो? सगळ्या कार्डांवर लागणीची तारीख एकच येतेय."

मी काय म्हणालो, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, "कुसुमताई, आपलं काम भोकं पाडायचं."

नोंद घेणारा कारकून बाजारच्या दिवशी गावात जायचा, पारावर बसून सगळ्यांच्या लागणी एकदम लिहायचा आणि तारीख त्या दिवसाची टाकायचा. हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. माझ्या खात्यात कुसुमताईंच्या बोटांना कळलं. मला चार महिन्यांनी कळलं. हाताखालचं माणूस "एक विचारू?" म्हणालं की खुर्ची सरकवून त्याच्याकडे वळायचं, हे मुंबईच्या कोर्सात नव्हतं. असतं तरी त्या दिवशी मी गैरहजर असणार.

दुसरी गोष्ट त्याहून शहाणपणाची. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी तुमची फळी भिंतीवरून काढायला लावली. तिथं मला माझ्या प्रोग्रॅमचा नकाशा लावायचा होता. चौकोन, बाण, रंगीत शाई. जुनं आणि नवं निदान एक हंगाम शेजारी शेजारी चालवावं, एवढी अक्कल कुठल्याही सुनेला असते; सासूची चूल पहिल्याच दिवशी कुणी विझवत नाही. मी विझवली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फळी काखेत मारलीत आणि घरी नेऊन खाटेखाली सरकवलीत. ते न बोलणं हाच तुमचा डाव होता. सांगितलं असतंत तर मी वाचलो असतो. तुम्हाला मला वाचवायचं नव्हतं, खरं की नाही?

माझा प्रोग्रॅम लागणीच्या तारखेनं पाळी लावायचा. जो ऊस आधी लावला तो आधी तोडा. ऐकायला किती न्यायाचं! संचालक मंडळानं टाळ्या वाजवल्या होत्या. पण तारखेच्या क्रमानं शेतं सगळ्या मुलखात विखुरलेली. पाथर्डीकडून आलेल्या टोळ्यांनी एका गावाच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घातलेल्या, आणि माझी यादी त्यांना आज उत्तरेला आठ मैल, उद्या दक्षिणेला दहा मैल पाठवतेय. सकाळचा अर्धा वेळ बैल चालण्यात. तोडणी दुपारी सुरू. गाड्या वाटेत. सहाव्या दिवशी दुपारी गाळपाच्या गव्हाणीत टाकायला एक मोळी उरली नाही आणि कारखान्याचा भोंगा वाजला. नो-केन. उसाअभावी कारखाना थांबला. ऐन हंगामात, उभ्या उसाच्या मुलखात.

मी गाडीतळावर धावत गेलो. हातात यादी. ती यादीही अशी की घडीवर घडी, उलगडली तर धोतराएवढी. बैल सोडलेल्या एका गाडीशी मुकादम बसला होता, बाजीराव. मी ओरडलो, "तुम्ही यादीप्रमाणे का गेला नाहीत?"

"गेलतो की सायेब. यादीपरमानंच गेलतो. बैलं बसली वाटंत. त्येंला कुटं वाचता येतंय?"

त्याचं ऐकून घेण्याऐवजी मी यादी उलगडून त्याला त्याचं नाव दाखवायला लागलो. दुसरं टोक मागं जमिनीवर लोळत होतं. मी बोटानं ओळ शोधतोय, आणि बाजीरावाच्या बैलानं मागून शांतपणे यादी खायला सुरुवात केली. दोन हात यादी गेल्यावर मला ओढ लागली. मी ओढतोय, बैल ओढतोय. शंभर माणसं बघतायत. आणि तुम्ही वजनकाट्याच्या पायरीवर बसून सुपारी कातरत म्हणालात,

"सायेब, तुमचा हुकूम बैलाच्या पोटात गेला. आता फुडची पाळी कुनाची, ते बैलालाच इचारा."

तो हशा मला अजून ऐकू येतो. गाडीवान हसले, काट्यावरचे हसले, भोंगा वाजवणारा खाली उतरून विचारून घेऊन मग हसला. तुम्ही घरून फळी मागवलीत. पायरीला टेकवून उभी केलीत. टोळी कुठं आहे, कोपी कुठं आहे, जवळचं शिवार कोणतं, एवढंच बघत चिठ्ठ्या फिरवल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझा रंगीत नकाशा उतरला. त्या जागी फळी परत लागली, खिळेही त्याच भोकांत.

सूड त्या दिवशी ठरला, अण्णा. साधा नाही. तुमची फळी फळीसकट माझ्या यंत्रात घालायची. एकेक खिळा, एकेक चिठ्ठी, तुमची सगळी गुपितं. मग त्याच गाडीतळावर, त्याच माणसांदेखत, यादी तुमच्या हातात द्यायची आणि तुमच्या तोंडून चार शब्द काढून घ्यायचे: "यंत्राला जमलं बरं का." याहून मला काही नको होतं. पगारवाढ नको होती. तो बैलसुद्धा मी माफ करायला तयार होतो.

म्हणून हंगाम संपल्यावर मी तुमच्याकडे आलो, नम्र चेहरा करून. तो चेहरा मी आरशात बसवून आलो होतो. "अण्णा, मला शिकवा." तुम्ही म्हणालात, "सायकलीवर मागं बसता येतं का?"

येत नव्हतं. पहिल्याच फेरीत मी आलेखाच्या कागदांसकट पाटात पडलो. नेमकं भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं होतं, पाट तुडुंब. तुम्ही सायकल थांबवलीत, पण उतरला नाहीत. "कागद गेलं का?" विचारलंत. गेले म्हटल्यावर म्हणालात, "बरं झालं. आता कानानं ऐका."

त्या उन्हाळ्यात मी जे शिकलो ते दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. तुम्ही शिकवलंत म्हणून दात खात लिहून घेतलं. टोळी का हलवायची नाही, यावर तुम्ही बांधावर उभं राहून सांगितलेलं मला पाठ आहे: "कोपी हलली की चूल हलती. चूल हलली की बाईचं डोकं हलतं. बाई म्हनली मी निगाले माहेराला, तर मुकादम एकटा काय ऊस तोडतो?" हे मी प्रोग्रॅममध्ये घातलं. आमच्या भाषेत ती एकच ओळ आहे. तिच्यात ती बाई आहे आणि चूलही आहे, हे पुण्याच्या कॉम्प्युटरला ठाऊक नाही.

आधी शेत बघायचं, मग प्रोग्रॅम लिहायचा, हा धडा मी पाटात पडून, उन्हात करपून, तुमच्या सायकलीच्या कॅरियरवर बसून शिकलो. त्याच्या खुणा अजून आहेत. जागा सांगत नाही.

चाळीस खिळे झाले. सगळ्यांचे नियम माझ्या वहीत आले. एक राहिला. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली.

"हा कशाचा?"

"त्यो कशाचाच न्हाई."

"मग त्याच्यावर लावता काय?"

"जे मला अजून कळलं न्हाई, ते."

मी हसलो. "यंत्राला 'अजून कळलं नाही' असं सांगता येत नाही, अण्णा. आहे किंवा नाही, एवढंच."

"मंग शिकवा त्येला. तुमाला तरी कुटं येतंय अजून!"

मग तुम्ही हट्टच धरलात. कार्डाला ऐंशी रकाने. एकोणऐंशी माझे, शेवटचा मोकळा ठेवा. शेतात जाऊन आलेल्या माणसाला यंत्राला सांगायचं असेल की थांब बाबा, हितं काईतरी येगळं हाय, तर त्याला एक भोक पाडायला जागा द्या. मी म्हटलं, जमणार नाही. माणसानंच सांगायचं तर यंत्र कशाला? पंधरा दिवस आपण भांडलो. ऑफिसात, रस्त्यात, तुमच्या ओट्यावर. तुमच्या घरच्या चहात साखर कमी व्हायला लागली, एवढं ते भांडण घरात पोचलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "रकाना न्हाई, तर मी न्हाई." आणि प्रकरण चेअरमनसाहेबांसमोर गेलं.

आता ते येतं.

बैठकीत तुम्ही तुमचं सांगितलंत. मग मी उभा राहिलो. मला जिंकायचं होतं. मला बैल आठवत होता. मी म्हणालो, "चेअरमनसाहेब, मोकळा रकाना म्हणजे वशिल्याचं दार आहे. आज अण्णा आहेत म्हणून ठीक. पण शेतात जाऊन कोण काय बघून येतं आणि कुणाच्या घरी चहा पिऊन येतं, हे आपल्याला कसं कळणार? यंत्र कुणाच्या घरी चहा पीत नाही."

ते वाक्य तुम्ही मला पूर्ण करू दिलंत. दोन वर्षांत एकच.

तुम्ही टोपी उचललीत, झटकलीत, डोक्यावर नीट बसवलीत आणि बाहेर गेलात. सुपारीचा अडकित्ता टेबलावर राहिला. रकाना नामंजूर झाला. मी जिंकलो. चेअरमनसाहेबांनी पाठ थोपटली. जिंकल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. जेवण गेलं नाही.

अडकित्ता द्यायला मी दोनदा तुमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि दोनदा परत फिरलो. म्हटलं, माफी मागितली तर हा माणूस ती पूर्ण करू देणार नाही. "बगितलं" म्हणेल. म्हटलं, हंगाम सुरू होऊ दे. यादी हातात देऊ, चार शब्द ऐकू, मग अडकित्ता देऊ. एकदम हिशेब मिटवू. आणि दसऱ्याच्या आत तुम्ही गेलात. याला काय म्हणायचं? मी तयारी करत असताना माणसानं निघून जायचं? बाजीराव मुकादम खांदा द्यायला होता. मी मागून चालत होतो, खिशात तुमचा अडकित्ता.

तेराव्याच्या आधी चार दिवस पुण्याहून नवी यादी आली. पहिली चाचणी. मी ती टेबलावर पसरली. खरं सांगतो, सुंदर होती. टोळ्या आपापल्या शिवारात, कोप्या जागच्या जागी, एक बैल फुकट चालत नव्हता. मी ओरडलोच: "अण्णा, बघा!" कुसुमताईंनी मान वर केली नाही.

यंदाचं साल तुम्ही पाहिलंत. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पाऊस नाही. विहिरींचे तळ दिसले. म्हटलं, या वेळी मी शहाणा. यादी गाडीतळावर लावण्याआधी पहिल्या क्रमांकाचं शेत स्वतः बघून येऊ. तुमचीच सायकल मागून घेतली. या वेळी पाटात पडलो नाही. पाटात पाणीच नव्हतं.

शेत सापडलं. ऊस नव्हता.

नव्हता म्हणजे मुळातून नाही. कापलेली खोडकी आणि भेगाळलेली जमीन. बांधावर एक म्हातारा दोन बैलांना दावणीला उसाची शेवटची वाढी, हिरवे शेंडे, टाकत होता. माझ्या कार्डावर तो ऊस उभा होता, आडसाली, दीड वर्षाचा, पहिल्या नंबरचा. कार्डाला दुष्काळ माहीत नव्हता.

"बाबा, हा ऊस कारखान्याला नोंदवलेला ना?"

"व्हय. पर बैलं मरायला लागली सायेब. चारा कुटं हाय? तोडला आन घातला त्येंच्या म्होरं. घटाच्या दिशी अण्णा येऊन बगून गेलतं."

"अण्णा? काय म्हणाले?"

"म्हनले, काळजी करू नगा, टोळी येनार न्हाई तुमच्याकडं. आमच्या सायबाच्या कारडात एक रकाना हाय मोकळा, त्यात लिवतो."

मी म्हणालो, "असा रकाना नाहीये बाबा."

म्हातारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "त्ये बी बोलले अण्णा. म्हनले, अजून दिला न्हाई त्येनं. येळ लावतो जरा. पर देतो."

घटाच्या दिवशी. म्हणजे त्या बैठकीनंतर, अण्णा. मी तुम्हाला भर सभेत चहा पिऊन पाळी लावणारा म्हणालो, त्यानंतर. तुम्ही सायकल काढून, उन्हातून, या माणसाकडे आलात आणि माझी हमी देऊन गेलात. माझी! माझ्या हरण्याची तुम्हाला एवढी खात्री? मला इतका राग आला की सायकल घ्यायचं विसरून मी अर्धा मैल पायी चालत आलो, मग परत गेलो.

ऑफिसात आलो तो थेट फळीपाशी. दोन वर्षं तिच्याकडे बघताना मी त्या कोपऱ्यातल्या खिळ्यावर काय आहे ते कधी उलटून पाहिलं नव्हतं. जाड जुडगा होता. काढला. तुमच्या चिठ्ठ्या नेहमी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या. या नव्हत्या. ही माझी कार्डं होती. टोचताना चुकलेली, रद्द केलेली. पाठीमागे पेन्सिलीनं तुमचं आडवंतिडवं अक्षर. 'ऊस बैलांनी खाल्ला.' 'विहीर आटली, लवकर तोडा.' 'भावकीत बांधाचं भांडण, मिटेपर्यंत जाऊ नये.' 'लागणीची तारीख खोटी, डोळ्यांनी बघावी.' तो म्हाताराही त्यात होता. पहिल्या नंबरला.

"कुसुमताई," मी म्हणालो, "ही रद्द कार्डं बाहेर कुणी दिली?"

त्या उठून उभ्या राहिल्या. "मी. अण्णा दाराबाहेर उभे राहून मागायचे. म्हणायचे, पुट्टा चांगला हाय, भिजत न्हाई, आन भोकं आयती. दाभनानं जरा मोठं केलं की झालं." मग, "आणि म्हणायचे, सायबाला सांगू नगा. लई खूश होईल."

सापडलात, अण्णा! रंगेहाथ! अख्खं वर्ष माझ्या यंत्राला नावं ठेवत, दाराबाहेर वहाणा घालून उभं राहून, माझीच कार्डं पळवून तुम्ही तुमची फळी चालवत होता. चार शब्द मला तुमच्या तोंडून हवे होते. उष्टे का होईना, कुसुमताईंकडून मिळाले. मी लई खूश झालो. खुर्चीत बसलो, आणि कुसुमताईंनी न सांगता दोन्ही दारं लावून घेतली, धूळ यायला नको म्हणून.

मग मी त्यांच्याकडे खुर्ची वळवून विचारलं, "या रकान्यात वशिला शिरणार नाही, असं काय करता येईल?"

त्या म्हणाल्या, "लपवायचंच नाही. ज्याच्या कार्डाला ते भोक असेल, त्याचं नाव कारणासकट वेगळ्या कागदावर छापायचं आणि तो कागद गाडीतळावर लावायचा. शंका असेल त्यानं जाऊन शेत बघून यावं."

दोन वाक्यं. तुम्ही आणि मी पंधरा दिवस भांडलो, तेव्हा त्या दाराआड बसलेल्या होत्या. दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. यात तुम्हीही आलात; इथं मी एकटा गाढव नाही.

तर आता सूड. काल मी पुण्याला जाऊन प्रोग्रॅम बदलून आलो. चेअरमनसाहेबांना सांगितलं की माझी चूक होती, त्या बैठकीतलं बोलणंसुद्धा. संचालक मंडळासमोर, उभं राहून, पूर्ण वाक्यात. ऐंशीवा रकाना मोकळा आहे. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रकान्याला नाव द्यावं लागतं, बिननावाचं यंत्राला चालत नाही. मी त्याला तुमचं नाव दिलंय. आता हंगामाची पहिली मोळी टाकल्यापासून शेवटचा पट्टा पडेपर्यंत, रोज, प्रत्येक शेताच्या प्रत्येक कार्डावर यंत्र आधी विचारणार: अण्णा काय म्हणतात? आणि मग पुढं जाणार. मध्येच बोलायची सवय होती ना तुम्हाला? बोला आता. शेतागणिक बोला.

फळी मी भिंतीवर तशीच ठेवलीय, यंदाचा हंगाम दोन्ही शेजारी चालणार. अडकित्ता त्या खालच्या खिळ्याला टांगलाय.

आणि मेलो तरी या खोलीत पाऊल टाकणार नाही, म्हणाला होतात. सोमवारपासून रोज आत यायचं आहे. एअरकंडिशनरच्या गारव्यात, कुसुमताईंच्या यंत्रावर. पाटी मी काढलेली नाही, ती बाकीच्यांसाठी आहे. तुम्ही वहाणा घालून या.